मोटर फिरते, पण अँटेना वर येत नाही

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना वाटेत अर्धापूर लागते. केळीच्या बागांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. तेथील आमच्या एका शिक्षकमित्राकडे जुनी गाडी आहे. तिच्या मागच्या मडगार्डवर विजेवर चालणारा अँटेना आहे. रेडिओ लावला की त्याची दांडी आपोआप वर यायची, रेडिओ बंद केला की आत जायची. एके दिवशी ती वर येईनाशी झाली. रेडिओ लावला की डिकीच्या कोपऱ्यातून 'घर्रर्र' असा आवाज यायचा आणि काही सेकंदांनी थांबायचा. दांडी मात्र जागची हलत नसे.

"सर, मोटर गेली. सगळा सेटच बदला," असा सल्ला गॅरेजमध्ये मिळाला. पण त्या जुन्या मॉडेलचा सेट मिळेना. तेव्हा आम्हांला एक साधा प्रश्न पडला : मोटर गेली असेल, तर आवाज कशाचा?

दांडी हवीच कशाला?

गाडीचे शरीर धातूचे असते. धातूच्या पेटीत रेडिओलहरी नीट शिरू शकत नाहीत, म्हणून त्या पकडणारी दांडी बाहेर असावी लागते. तिची लांबीही मनमानी नसते. नांदेड आकाशवाणीचे एफ.एम. केंद्र १०१.१ मेगाहर्ट्झवर आहे. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. येथे ती सुमारे २.९७ मीटर येते. तिचा चौथा भाग म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची दांडी ही लहर उत्तम पकडते. बहुतेक जुन्या गाड्यांच्या दांड्या पाऊण मीटरच्या आसपास का असत, हे यावरून कळते.

मराठवाड्यात परभणी केंद्र वर्षानुवर्षे ऐकले गेले ते मध्यम लहरींवर, १३०५ किलोहर्ट्झला. ही लहर सुमारे २३० मीटर लांब. तिच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे ५७ मीटरची दांडी गाडीवर लावणे अशक्य! तेथे जेवढी दांडी उभी राहील तेवढ्यावर भागवावे लागते. म्हणूनच दांडी आत अडकली की जवळचे केंद्र कसेबसे ऐकू येते, पण दूरचे केंद्र खरखरीत बुडून जाते.

आत काय असते?

मडगार्डखाली एक छोटी पेटी असते. तिच्यात १२ व्होल्टची मोटर, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाके आणि नायलॉनची एक लांब, दातेरी पट्टी असते. पट्टीचे वरचे टोक दांडीच्या सर्वांत आतल्या, बारीक नळीला जोडलेले असते. चाक फिरले की पट्टी वर सरकते आणि बारीक नळीला ढकलते. ती पूर्ण बाहेर आली की पुढची नळी तिच्यामागून ओढली जाते. दांडी खाली जाताना पट्टी पेटीतल्या गोल डब्यात गुंडाळली जाते.

पट्टी लवचीक असूनही ढकलू कशी शकते? कारण ती नळीच्या आत आहे. तिला वाकायला जागाच नाही. भिंतीतल्या पाइपातून वायर ओढण्यासाठी वायरमन आधी एक ताठ तार आत सरकवतो, तसेच हे.

पेटीला साधारणपणे तीन जोडण्या असतात : बॅटरीकडून कायम येणारी वीज, रेडिओकडून येणारा इशारा आणि गाडीच्या पत्र्याला जोडलेली अर्थ. विद्यार्थ्यांना येथे जरूर विचारावे : रेडिओ लावल्यावर वीज मिळतेच, मग कायमची वेगळी तार कशासाठी? उत्तर असे, की रेडिओ बंद झाल्यावरही दांडी आत ओढायला मोटर फिरावी लागते. इशारा थांबला की रिले मोटरच्या तारांची अदलाबदल करतो आणि मोटर उलटी फिरते.

आवाज काय सांगतो?

आता निदान सोपे होते. आवाज अजिबात नसेल, तर दोष विजेच्या बाजूला शोधावा : फ्यूज, सैल किंवा गंजलेली अर्थ, रिले आणि शेवटी मोटर. आवाज येतो पण दांडी हलत नाही, याचा अर्थ वीज मोटरपर्यंत पोचली आहे, मोटर फिरते आहे. तुटले आहे ते मोटरच्या पुढे. 'कट्कट्' असा आवाज येत राहिला, तर बहुधा दांडी वाकून अडकली आहे किंवा चाकाचे दात पट्टीवरून घसरत आहेत. कोणतेही झाकण न उघडता अर्धे यंत्र संशयातून मुक्त होते!

आमच्या मित्राच्या गाडीत पट्टीच तुटलेली निघाली. नायलॉन उन्हाने आणि वयाने ठिसूळ होते. त्यात शेतरस्त्याने जाताना केळीची पाने आपटून दांडी थोडी वाकली होती आणि नळ्यांच्या सांध्यांत काळ्या मातीची धूळ बसली होती. 'सहज सरकावी' म्हणून कोणी तरी तिला घट्ट तेल लावले होते. तेल आणि धूळ मिळून चिखल झाला. मोटरने जोर लावला आणि साखळीतला सर्वांत कमकुवत दुवा तुटला.

दुरुस्ती

पट्टी शाबूत असेल आणि दांडीच बदलायची असेल, तर पेटी उघडावीच लागत नाही. वरचा नट पान्याने काढावा आणि दुसऱ्याला रेडिओ लावायला सांगावे. मोटर स्वतःच जुनी दांडी पट्टीसह बाहेर ढकलते. दात कोणत्या बाजूला आहेत ते पाहून ठेवावे. नळी पुसून नवी पट्टी त्याच बाजूने आत घालावी. ती चाकाला टेकल्याचे हाताला जाणवते. मग रेडिओ बंद करावा. मोटर पट्टी आत ओढून घेते. दांडी सरळ धरावी, जोराने दाबू नये. शेवटी नट बसवावा. या वेळी वीज चालू असते, म्हणून बोटे चाकापासून आणि चेहरा पट्टीच्या टोकापासून दूर ठेवावा.

पट्टी मध्येच तुटून तुकडा डब्यात राहिला असेल, तर मोटर तो बाहेर काढू शकत नाही. मग फ्यूज काढून पेटी सोडवावी, उघडावी, तुकडे वेचावेत आणि चाकाचे दात तपासावेत. आम्हांला हेच करावे लागले. तुटलेले तुकडे टाकून मात्र देऊ नयेत. तेच नमुना म्हणून उपयोगी पडतात : पट्टीची एकूण लांबी, जाडी आणि दातांमधील अंतर जुळले पाहिजे. ते तुकडे दाखवूनच नांदेडला जुन्या सुट्या भागांच्या दुकानात जुळणारी दांडी मिळाली. मोटर जुनीच राहिली आणि ती आजही चालते.

जुळणारी दांडी मिळालीच नसती तर? मोटरच्या तारा सोडवून, त्यांची टोके टेपने बंद करून, पाऊण मीटरची साधी स्थिर दांडी बसवता आली असती. रेडिओला मोटर लागत नाही. त्याला योग्य लांबी आणि पक्की जोडणी लागते. मोटर ही केवळ सोय आहे.

पुढे काळजी एवढीच : दांडी उभी असताना कोरड्या फडक्याने पुसावी, वाटल्यास पातळ तेलाचा एखादा थेंब लावून लगेच पुसून घ्यावा आणि शेतरस्त्याला लागताना रेडिओ बंद करावा.

वर्गासाठी

भंगारात अशी पेटी मिळाली तर ती वर्गात जरूर आणावी. मोटर, दातेरी चाके, रिले, लहरींची लांबी असे चार धडे तिच्यात एकत्र भेटतात. पेटी उघडण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे : आवाज येतो का? येत असेल, तर काय काय शाबूत आहे? 'काय बिघडले' याआधी 'काय बिघडलेले नाही' हे विचारण्याची सवय पंपापासून पंख्यापर्यंत सगळीकडे कामाला येते. आणि ती लागली, तर धडधाकट मोटर भंगारात जाणार नाही.