वीणेत मुरलेलं खोबरेल

तंजावूरच्या राजवाड्यामागे माझं काम चालतं. पॉलिशला वीणा आली की मी ती आधी हुंगतो. खवट खोबरेलाचा वास हमखास येतो. तारेवरून बोटं सरकावीत म्हणून वाजवणारे त्यांना तेल लावतात आणि वर्षानुवर्षं ते दांडीच्या फणसाच्या लाकडात मुरतं. त्यात सरस्वतीपूजेचं गंध-कुंकू आणि समईची काजळी.

अशा लाकडावर लाख धरत नाही. कुठे चिकट राहते, कुठे पापुद्रे सुटतात. घाईने काचकागद फिरवला की तेल रंध्रांत आणखी पसरतं. म्हणून आधी सफाई, मग घासणं. 24 पितळी पडदे काढायचे, ते बसवलेलं काळं मेण खरवडायचं, मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसायचं आणि ओलं असतानाच कोरड्या फडक्याने टिपायचं. तसंच वाळू दिलं तर टर्पेंटाइन उडतं, तेल जागच्या जागी राहतं. दर वेळी फडकं नवं. फार मुरलेल्या जागी खडूची पूड टर्पेंटाइनमध्ये कालवून लेप देतो. नक्षीच्या पट्ट्यांना मात्र थिनर लावायचा नाही. पूर्वी तिथे हस्तिदंत असे, आता प्लास्टिक असतं. ते मऊ पडतं.

सरफोजीराजांच्या दरबारातल्या वडिवेलूंनी आपलंसं केलेलं व्हायोलिन आलं, तर दुखणं वेगळं. त्यावर गजाच्या राळेची पूड साचते. ती स्पिरिटने पुसाल तर खालचं वार्निशही निघून येईल.

पण तेलाहून आणि राळेहून हट्टी आहे फर्निचर चमकवायचा स्प्रे. त्यातल्या कित्येकांत सिलिकॉन असतं. डोळ्यांना ते दिसत नाही. त्याचा पृष्ठताण इतका कमी, की ओलं वार्निश तिथून मागे सरतं आणि गोल खड्डे पडतात. त्यावर थर चढवत राहणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळं उतरवायचं, पुन्हा पुन्हा पुसायचं, मग लाखेचा पातळ हात द्यायचा. पत्री लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवली की तिच्यातलं मेण तळाशी बसतं; वरची निवळ तेवढी घ्यायची. उरलंसुरलं सिलिकॉन या थराखाली अडकून पडतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर इथे पाऊस. दमट हवेत लाख पांढुरकी पडते. गिऱ्हाइकं मात्र नेमकी नवरात्राच्या तोंडावर उगवतात!

तेव्हा घरची वीणा सुक्या सुती फडक्याने पुसा, स्प्रे लांब ठेवा. आणि पॉलिशला द्याल तेव्हा तिला आजवर काय काय चोळलंत, ते कारागिराला आधी सांगा.