रिव्हॉल्व्हर : जुन्या शस्त्राचे सुटे भाग व दुरुस्ती

फिरत्या चक्रात काडतुसे भरून ती एकामागून एक नळीसमोर आणणाऱ्या आखूड हातशस्त्रास रिव्हॉल्व्हर म्हणतात. सॅम्युएल कोल्ट याने त्याचे अमेरिकन एकस्व १८३६ मध्ये मिळविले. ब्रिटिश अमदानीत भारतात बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याची रिव्हॉल्व्हरे विशेष परिचित होती. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि मोमिनाबाद (आताचे अंबाजोगाई) येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. बीड शहराची जुनी ख्याती मात्र छागल व गुप्ती यांसाठी होती.

जुन्या रिव्हॉल्व्हरातील नळी व सांगाडा सहसा टिकतात. झिजतात ते लहान भाग. घोड्याला जोर देणारी मुख्य कमान मऊ पडते किंवा मोडते, आघातखीळ बोथट होते, चक्र पुढे ढकलणारी खिटी व ते जागच्या जागी अडविणारी अटक झिजते. मधून मोडणाऱ्या वेब्ली पद्धतीच्या शस्त्रात बिजागरी व वरची कडी सैल होते. काडतुसांची रिकामी टरफले बाहेर फेकणारा तारा वाकला, तर शस्त्र भरणेही कठीण जाते.

भाग शोधण्यापूर्वी शस्त्राची नेमकी ओळख पटवावी लागते. नमुन्याचे नाव, अनुक्रमांक, नळीचा व्यास आणि बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची चिन्हे पाहिली जातात. बाह्य साम्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. १९३२ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेले एन्फील्ड क्र. २ हे वेब्ली मार्क ४ सारखेच दिसते. परंतु दोहोंची अंतर्गत रचना वेगळी असल्याने एकाचे भाग दुसऱ्यास जसेच्या तसे बसत नाहीत. कानपूरच्या शासकीय कारखान्यांत तयार झालेल्या ०·३२ इंची रिव्हॉल्व्हरची घडण वेब्लीवर बेतलेली आहे. पण तेवढ्यावरून त्याचा भाग जुन्या शस्त्रात घालता येत नाही.

भाग मिळाला म्हणजे काम संपले, असे नाही. खरे कौशल्य पुढेच लागते. जुन्या कारखान्यांत हे भाग हाताने कानस लावून त्या त्या शस्त्रास जुळवीत असत. त्यामुळे नवी खिटी किंचित लांब असेल, तर चक्र अडते. आखूड असेल, तर घोडा पूर्ण मागे गेला तरी काडतुसाचे घर नळीसमोर नीट येत नाही. अशा वेळी गोळी नळीच्या तोंडावर घासते व शिशाचे कण बाजूला उडतात; चूक मोठी असल्यास शस्त्र फुटून वापरणारा जखमी होतो. म्हणून कुशल कारागीर प्रत्येक घर स्वतंत्रपणे तपासतो. एक घर बरोबर जुळले म्हणून उरलेली पाच जुळतीलच, याचा भरवसा नसतो. कानशीने घासलेले पोलाद परत येत नाही, हे ध्यानात ठेवून तो थोडे थोडेच काढतो. घोड्याच्या खाचेवर तर अनोळखी हात पडूच नये. ती खाच बिघडली, की घोडा हलक्या धक्क्यानेही सुटतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात व धंदा म्हणून दुरुस्ती करण्यास परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मिती वा दुरुस्तीस सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शस्त्रावरील क्रमांक खोडणे हाही गुन्हा आहे. ०·३८ व ०·४५५ इंची हातशस्त्रे निषिद्ध व्यासाची मानली जातात. वेब्लीची अनेक जुनी सैनिकी रिव्हॉल्व्हरे याच व्यासांची असल्याने त्यांच्या वारसांची अडचण भागांपाशी नव्हे, तर ताब्यापाशीच सुरू होते.

बीडमध्ये हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाल्यानंतर जिल्ह्यातील बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने चर्चेत आले आणि २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने त्यांपैकी शंभरावर परवाने रद्द केले. परवाना संपुष्टात आल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. कमान मोडलेले, वर्षानुवर्षे न वापरलेले रिव्हॉल्व्हरही त्यास अपवाद नाही.