महेश गवळी : गोव्याचा बचावपटू, भारताचा सहायक प्रशिक्षक

सामना जिंकला की फोटो गोल मारणाऱ्याचा येतो. सहायक प्रशिक्षकाचं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मात्र महेश गवळी अचानक पुढे आले.

गवळी मूळचे गोव्याचे, खेळायचे बचावफळीत. २००३ मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगाल संघात ते होते. पुढे गोव्याच्या डेम्पोकडून आय-लीग जिंकली. भारत २७ वर्षांनी, २०११ मध्ये, आशियाई चषकात खेळला, तेव्हाही ते संघात होते.

आता बंगळुरूची गोष्ट. पाकिस्तानविरुद्ध मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना लाल कार्ड मिळालं. नेपाळविरुद्ध संघ गवळींनी सांभाळला. स्टिमॅक परतले आणि कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा लाल कार्ड! या वेळी बंदी दोन सामन्यांची, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामनाही गवळींच्याच गळ्यात.

लेबनॉनविरुद्ध १२० मिनिटांत एकही गोल नाही. पेनल्टीवर भारत ४-२ ने जिंकला. ४ जुलैच्या अंतिम सामन्यात कुवेतने चौदाव्या मिनिटालाच गोल केला. छांगटेने बरोबरी साधली, पण पुन्हा पेनल्टी. पाच-पाच फटके झाले तरी ४-४. मग नाओरेम महेश सिंगने गोल केला (योगायोग पाहा, नाव तेच!) आणि गुरप्रीतने कुवेतचा फटका अडवला.

चषक भारताकडेच राहिला. स्टिमॅक बंदीमुळे बाहेर होते, मैदानाच्या कडेला उभे होते ते गवळी.