६५ घोडे, ताशी २०८ मैल

हेन्री फोर्डनं १९३२ साली सर्वसामान्य माणसाच्या मोटारीत व्ही-एट इंजिन बसवलं. ४६० डॉलरची रोडस्टर, आठ सिलिंडर, ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. वेग ताशी ७५ मैलांच्या आसपास, म्हणजे १२० किलोमीटर. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ही गाडी आणि तिच्याआधीच्या मॉडेल टी, मॉडेल ए मिळेल त्या भावात उचलल्या. माल मुबलक होता, एकट्या मॉडेल टीच दीड कोटी बनल्या होत्या. मडगार्ड, बंपर, टप सगळं उतरवायचं, इंजिन खोलायचं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर जाऊन वेग मोजायचा. हीच हॉट रॉड. या पोरांची संघटना, एससीटीए, १९३७ साली उभी राहिली आणि आजही शर्यती भरवते.

आता हिशेब मांडू. हवेचा अडथळा फार निर्दय असतो. वेग दुप्पट करायचा तर त्याला भेदायला आठपट शक्ती लागते. म्हणजे तीच गाडी त्याच आकारात ताशी १५० मैलांनी पळवायची तर ५२० अश्वशक्ती हवी. १९४८ साली स्टुअर्ट हिलबॉर्ननं कोरड्या तळ्यावर १५० चा आकडा ओलांडला. दोनच वर्षांनी ॲलेक्स झिडियस आणि डीन बॅचलर यांच्या सो-कॅल स्ट्रीमलायनरनं युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी २०८ मैलांची सरासरी नोंदवली. साध्या फोर्डच्या आकारात यासाठी सुमारे १,४०० अश्वशक्ती लागली असती, आणि तेव्हा एवढ्या ताकदीचं फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डचं हे व्ही-एट, कुणाकडेच नव्हतं. उरलेलं अंतर पत्र्याच्या आकारानं कापलं. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांच्या पोटाखालच्या पेट्रोलच्या टाक्या स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा काही जणांनी त्या आडव्या ठेवून आत इंजिन आणि ड्रायव्हर दोघांना बसवलं. हवा कापण्यासाठीच घडवलेला तो पत्रा होता. त्या टाकीकडे बघून ज्याला पहिल्यांदा गाडी दिसली, त्याची नजर मला इंजिनातल्या कुठल्याही सुधारणेहून मोठी वाटते.

इंजिनाच्या आतले आकडे मात्र याहून चक्रावणारे आहेत. १९४९ पासूनच्या, फोर्डच्याच मर्क्युरी गाडीचं फ्लॅटहेड २५५ घन इंचांचं होतं. हॉट रॉडवाल्यांचं आवडतं माप म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ पूर्णांक ३/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ पूर्णांक १/८ इंच. त्यासाठी सिलिंडरच्या भिंतीचं फक्त २.४ मिलिमीटर बीड सगळीकडून खरवडायचं आणि क्रँकची पिन जेमतेम १.६ मिलिमीटर सरकवून घासायची. बस्स, एवढंच. पण आठ सिलिंडरांचा गुणाकार झाला की क्षमता २९५ घन इंचांवर जाते, साडेसहाशे सीसीची भर! यातली जोखीमही त्या २.४ मिलिमीटरमध्येच असते. जुन्या ओतकामात भिंतीची जाडी सगळीकडे सारखी असेलच असं नाही. बोअरिंग करताना हत्यार पाण्याच्या जॅकेटपर्यंत पोचलं की ब्लॉक भंगारात.

असं इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर नेलं की सेकंदाला ३३३ स्फोट होतात. प्रत्येक पिस्टन सेकंदाला १६६ वेळा पूर्ण थांबतो आणि उलट फिरतो. वरच्या टोकाला त्याच्यावर येणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,९०० पट भरतो. पिस्टन अर्ध्या किलोचा धरला, तर कनेक्टिंग रॉडला तेवढ्या क्षणापुरता साडेनऊशे किलोंचा भार ओढून धरावा लागतो. पुढच्याच फेरीत पुन्हा तेच.

आणि हवा? सिलिंडर पूर्ण भरत असतील तर सेकंदाला सुमारे २०० लिटर. निवांत बसलेली सोळाशे माणसं मिळून जेवढी हवा श्वासात घेतात, तेवढी हे एक इंजिन एकटं ओढतं. कुठून? स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटरमधून. त्याच्या अंगावर ओतलेला ९७ हा आकडा घशाचा व्यास सांगतो, ०.९७ इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटरही नाही. एका कार्बोरेटरला असे दोन घसे. एकाच कार्बोरेटरवर भागवायचं तर हवेला ताशी साडेसातशे किलोमीटरनं आत शिरावं लागेल. तेवढी ती शिरतच नाही आणि इंजिन गुदमरतं. तीन कार्बोरेटर ओळीनं बसवले की सहा घसे होतात आणि वेग अडीचशेवर उतरतो. बॉनेट काढलेल्या रॉडवर दिमाखात उभी असलेली ती तीन धुडं दिसायला देखणी आहेतच, पण त्यांच्यामागे हा भागाकार आहे.

बाहेर पडतानाची कथा वेगळीच. प्रत्येक बाजूला चार सिलिंडर, पण धुराला दारं तीनच. मधल्या दोघांचं दार सामायिक, आणि तापलेला धूर ब्लॉकच्या पोटातून वळसा घेऊन जातो. फ्लॅटहेड तापतं ते यामुळे. त्याच्या आवाजातली ती घोगरी गुरगुरही बऱ्याच अंशी याच रचनेची देन.

आज पारंपरिक रॉड बांधणारे साधारण १९६५ पूर्वी मिळत असलेल्याच वस्तू वापरण्याचा नेम पाळतात. हौसेचा हट्ट म्हणून कुणी हे उडवून लावेल; मला तो नेम मनापासून पटतो. मर्यादा आखलेली असल्यामुळेच प्रत्येक मिलिमीटरला किंमत येते. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यात तीन थाऊची (इंचाच्या हजारांशांची) फट ठेवायची की चारची, यावर रात्र रात्र बोलणं होतं. आणि मग ती गाडी रस्त्यावर काढली की ताशी ६० मैलांच्या निवांत चालीतही पायाखाली सेकंदाला १८० च्या आसपास स्फोट होत असतात, केसांत वारा असतो, आणि हे सगळं आपण हातानं जुळवलेलं असतं.

फ्लॅटहेडचं उत्पादन अमेरिकेत १९५३ साली थांबलं. तरी बॉनव्हिलवर त्याच्या वेगाचा शोध चालूच राहिला, आणि रॉन मेन यांच्या फ्लॅटफायर या स्ट्रीमलायनरनं फ्लॅटहेडवरच ताशी ३०० मैलांची हद्द ओलांडली. १९३२ च्या रोडस्टरच्या चौपट वेग. तिच्याच आकारात हे करायचं, तर ४,१६० घोडे जुंपावे लागले असते.