दात दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला का? हिरडीचा आजार आणि रूट कॅनल यांतला फरक काय?

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावात दाढ ठणकली की आधी लवंग, मग मेडिकलवरची वेदनाशामक गोळी असाच क्रम असतो. दोन-चार दिवसांत ठणका थांबतो आणि विषय मागे पडतो. दंतरोगात मात्र दुखणे थांबले म्हणजे आजार थांबला, असे नसते. अनेकदा आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो.

दुखणे आपोआप का थांबते?

दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि नसा असलेला मऊ भाग असतो. कीड तिथपर्यंत पोहोचली की त्याला सूज येते. चहूबाजूंनी कठीण दात असल्याने सुजेला जागा मिळत नाही, म्हणून रात्रीची झोप उडवणारा ठणका लागतो. काही दिवसांनी हा भाग मरतो आणि कळ बंद होते. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो.

मग हिरडीचा आजार वेगळा कसा?

इथे सुरुवात दाताच्या बाहेरून होते. दातांवर साचलेला चिकट थर घट्ट होऊन त्याचे किटण बनते. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर दात नीट साफ केले तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर हिरडी दातापासून सुटते, खोल फट पडते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. हे सारे बहुतेकदा न दुखता घडते. दात हलू लागतो तेव्हा बरेच हाड गेलेले असते आणि ते पूर्ण भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे १०० कोटी लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे.

तंबाखू, गुटखा आणि मिश्री हा धोका वाढवतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार लपून राहतो. मधुमेहाशी तर दुहेरी नाते आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

हळद आणि लवंग चालते का?

हिंगोली हा हळदीचा जिल्हा. हळदीने हिरडीची वरवरची सूज थोडी कमी होऊ शकते, पण किटण निघत नाही. लवंगेतील युजेनॉल कळ तात्पुरती बधिर करते, आतली कीड तशीच राहते. अँटिबायोटिक गोळ्यांचेही तेच. मेलेल्या भागात रक्तपुरवठा नसल्याने औषध तिथे पोहोचतच नाही.

कोणता डॉक्टर कशासाठी?

बीडीएस झालेले दंतवैद्य दात साफ करणे, सिमेंट भरणे आणि बहुतेक रूट कॅनल करतात. त्यापुढे तीन वर्षांचे एमडीएस करून तज्ज्ञ होता येते.

- पिरिओडॉन्टिस्ट: हिरडी आणि हाडाचे तज्ज्ञ. हिरडीखालची खोल सफाई, गरज पडल्यास हिरडीची शस्त्रक्रिया.
- एंडोडॉन्टिस्ट: दाताच्या आतल्या भागाचे तज्ज्ञ. वाकडी मुळे, बुजलेल्या नळ्या, आधी केलेले पण बिघडलेले रूट कॅनल.

दोन्ही आजार एकाच दाताला झाले तर?

खरी गफलत इथेच होते. मुळातला पू हिरडीच्या कडेने बाहेर आला तर तो हिरडीचा आजार वाटतो. अशा वेळी केवळ रूट कॅनलनेही हिरडी भरून येऊ शकते. उलट, दात हाड झिजल्यामुळे हलत असेल आणि आतली नस जिवंत असेल, तर रूट कॅनलवर केलेला खर्च वाया जातो. खात्री करण्यासाठी तीन साध्या तपासण्या लागतात: दाताला गार स्पर्श देऊन नस जिवंत आहे का ते पाहणे, बारीक मोजपट्टीने हिरडीची फट मोजणे आणि एक्स-रे. फट साधारण ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर ठीक. ४ किंवा जास्त असेल तर हिरडीवर उपचार लागतात.

पुसेगावहून कुठे जायचे?

पहिला टप्पा हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. गुंतागुंतीच्या दातासाठी मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे दोन्ही शाखांचे विभाग आहेत. प्रवास लांबचा आहे आणि रूट कॅनलला एकाहून अधिक फेऱ्या लागू शकतात. म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या:

- हा दात वाचण्यासारखा आहे का? हाड किती उरले आहे?
- दुखणे नसेचे, हिरडीचे की दोन्हींचे?
- एकूण किती फेऱ्या? कॅपचा खर्च धरला आहे का?
- जुना एक्स-रे सोबत आणायचा का?

पहिल्या फेरीनंतर कळ थांबते म्हणून अनेक जण पुढच्या फेरीला जातच नाहीत. अर्धवट रूट कॅनलमध्ये तात्पुरते सिमेंट निघून जंतू पुन्हा आत शिरतात. दाढेचे रूट कॅनल झाल्यावर कॅप टाळली तर दाढ चिरण्याची भीती असते.

थांबू नये असे केव्हा?

दातदुखीसोबत चेहरा किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास यांपैकी काहीही दिसले तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. सूज गळ्यात उतरली तर श्वास अडून जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाला थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे.