डाळीपुरतं गोड पाणी

मामाच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पितळेचा एक मोठा तांब्या कायम झाकून ठेवलेला असे. त्यातलं पाणी फक्त डाळीला. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर चुलीवर ठेवली तरी वरण एकजीव होत नसे. दाणा वेगळा, पाणी वेगळं. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याकडून बैलगाडीत ड्रम ठेवून आणलेलं पाणी आजी मापून वापरायची. आम्ही भाचरं त्या कोपऱ्याकडे फिरकलो की म्हणायची, “गोड पानी हाय माय, सांडू नोको.” एरवीच्या पाण्यानं घागरीच्या गळ्याशी पांढरं कडं धरायचं आणि अंगाला साबण कितीही चोळला तरी फेस येत नसे. सोयरीक जुळवताना मुलीकडचे आधी पाण्याची चौकशी करत, शेतीची मागाहून.

गाव अकोल्याच्या उत्तरेला, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावं या पट्ट्यात येतात. उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधल्या खोलगट भागात पूर्णा नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ. त्या गाळात पाणी आहे, पण खारं. वरची जमीन चोपण. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, शेतात तुंबून राहतं. ऊन तापलं की हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. विहिरीचं पाणी पिकाला द्यावं तर त्यातला सोडियम मातीत साचतो आणि पुढच्या वर्षी तीच जमीन आणखी घट्ट होते. पावसात पंधरा दिवसांचा खंड पडला तर भरलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहून पीक करपताना पाहायचं, हे इथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलं आहे.

पूर आला की पंचनामा होतो, तलाठी येतो. खाऱ्या पाण्यानं दरवर्षी थोडं थोडं नेलं, त्याचा पंचनामा झाला नाही. २०१५ मध्ये जपानमधल्या सेंडाई शहरात जगभरच्या देशांनी आपत्तीची जोखीम कमी करण्याचा जो आराखडा मान्य केला, त्यात सावकाश येणाऱ्या आपत्तीही अचानक येणाऱ्या आपत्तींच्या बरोबरीनं मोजल्या आहेत. ते वाचताना मला आजीचा तांब्या आठवला.

हा पट्टा नेहमीच इतका उघडा पडलेला नव्हता. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर इथल्या काळ्या मातीवर स्थिरावली. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. गावोगावी ज्वारीची पेवं होती. जमिनीत खणलेली, कडब्यानं अस्तर लावलेली ही पेवं म्हणजे वाईट वर्षासाठीची गावाची शिदोरी. कापसानं हातात रोकड आली, पण पेव ओस पडत गेलं. १८९९-१९०० चा दुष्काळ आला तेव्हा रेल्वे होती, बाजार होता. घरात मात्र धान्य नव्हतं. इतिहासकार लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांचं हे नातं तपशिलानं मांडलं आहे.

त्याच काळात मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात डेबूजी नावाचा तरुण मामाच्या शेतात राबत होता. मामाची जमीन सावकारानं गिळली, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. पुढे गाडगेबाबा झाल्यावर त्यांनी ऋणमोचनला पूर्णेच्या काठी घाट बांधला, कारण यात्रेकरू चिखलात घसरून पडत. बाबांच्या चरित्रात घाटाकडे भक्तीचं काम म्हणून पाहिलं जातं. मला तो आपत्ती निवारणाचा फार शहाणा नमुना वाटतो. धोका कुठे आहे तो पाहिला, लोकांना हाताशी धरलं आणि दगड रचले.

स्वातंत्र्यानंतर पट्ट्याच्या कडेकडेनं धरणं झाली. काटेपूर्णा, वान, शहानूर. वानच्या पाण्यावर अकोटची ८४ खेडी योजना आली आणि कित्येक घरांत पहिल्यांदा नळाला गोड पाणी आलं. शेत मात्र कोरडंच राहिलं. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात अमरावती होता, अकोला होता. खाऱ्या पाण्याचा प्रश्न त्या पैशातून सुटणारा नव्हता.

बदल आला तो खड्ड्यांमधून. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले संशोधक वर्षानुवर्षं सांगत होते की जी चिकणमाती पाणी मुरू देत नाही, तीच पाणी धरूनही ठेवते. इतरत्र शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर लागतं, इथे नुसतं खणलं तरी पाणी टिकतं. फार खोल जायचं नाही, नाहीतर खालचं खारं पाणी वर येतं. २०१६ ची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणि २०१८ पासूनचा जागतिक बँकेच्या मदतीचा पोकरा प्रकल्प यांतून ही तळी गावागावांत पोचली. सगळीच नीट झाली नाहीत. काही गाळानं भरली, काहींना पाणी आत यायला वाटच ठेवली नव्हती. पण जिथे नीट झाली तिथे हरभऱ्याला फुलोऱ्यात एक पाणी मिळालं, आणि कोरडवाहू माणसाला त्या एका पाण्याची किंमत विचारा.

या तळ्यांची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की त्यांतलं पाणी कुणाकडून काढून घ्यावं लागत नाही. वानच्या पाण्याचं तसं नाही. बाळापूर आणि अकोला तालुक्यांतल्या ६९ गावांना वान धरणातून पिण्याचं पाणी देण्याची योजना मंजूर झाली, तेव्हा तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. धरण आमच्या सिंचनासाठी, पाणी बाहेर गेलं तर आम्ही काय करायचं? सरकारनं योजनेला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून पायी नागपूरला निघाले. नागपूरजवळ पोलिसांनी त्यांना अडवलं. दोन्ही बाजूंची माणसं खरी होती. एकाच्या घरात मुतखड्याचा आणि मूत्रपिंडाचा आजार होता आणि तो पाण्याकडे बोट दाखवत होता. दुसऱ्याचा संत्रा आणि गहू कालव्यावर उभा होता. त्यांना एका सतरंजीवर बसवून हिशेब मांडायला हवा होता, तो आधी मांडला गेला नाही. पाण्याची योजना भांडण लावून गेली तर ती जोखीम वाढवते, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच महिन्यात, ९ एप्रिलला, अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळात जुनं कडुनिंबाचं झाड मंदिराच्या टिनाच्या शेडवर कोसळलं आणि आडोशाला थांबलेले ७ जण गेले. १३ मेच्या रात्री अकोल्यात दंगल झाली, एक माणूस मेला, संचारबंदी लागली. वादळ, पाणी, दंगल. एका उन्हाळ्यात, एकाच जिल्ह्यात. पोलीस तेच, महसूलची माणसं तीच, दवाखानाही तोच. बंदोबस्तात गुंतलेला हात टँकरकडे किंवा झाडाच्या वठलेल्या फांदीकडे कसा वळणार?

गेल्या जानेवारीत मामेभावाच्या शेतात गेलो होतो. तळ्याच्या काठाला त्यानं बांबू रोवला आहे आणि त्यावर काळ्या रंगानं खुणा केल्या आहेत. हरभऱ्याला पाणी देऊन त्यानं इंजिन बंद केलं, वाकून बांबू पाहिला. “आजूक एक पानी निंघते,” तो म्हणाला, “पन ढोरायले ठेवा लागते.” आणि पाईप गुंडाळायला लागला.