चौघांची शर्यत

शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आला की पटांगणावर फक्की पडते, शंभर मीटर धावणाऱ्यांतले पहिले चौघे रिलेसाठी निवडले जातात, आणि बॅटन त्यांच्या हाती येते ती जेमतेम आदल्या आठवड्यात. बाकीची मुले कडेला बसून राहतात. ही रीत त्या मुलांवर अन्याय करणारी तर आहेच, शिवाय शर्यतीच्या हिशेबानेही ती चुकीची आहे.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जपानच्या ज्या चौघांनी ४ × १०० मीटर रिलेत रौप्यपदक मिळविले, त्यांपैकी एकाच्याही नावावर तोवर दहा सेकंदांच्या आतली अधिकृत वेळ नव्हती. उलट २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेचा वेगवान संघ पहिल्याच बदलात चुकला आणि बाद झाला.

या शर्यतीत बॅटन तीस मीटरांच्या पट्ट्यातच द्यावी लागते. येणारा धावपटू ठरलेल्या खुणेवर पोचताच पुढच्याने मागे न पाहता सुटायचे आणि हाक आली की हात मागे न्यायचा. थांबून बॅटन घेतली की वेग गेलाच! दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हे आधी उभ्याने, मग चालत, मग संथ धावत शिकविता येते. त्यासाठी फूटभर लाकडी दांडाही पुरतो.

साठ मुलांच्या वर्गात पंधरा संघ होतात. वर्षभर आठवड्याचा एक तास त्यांना द्यावा. खेळाचा तास गणितासाठी मागून घेणाऱ्या सहकाऱ्यांनी तेवढा धीर धरावा.